हजेरीपटाच्या शेवटच्या पानावरून

प्रति,
विद्यापीठांतील अर्थशास्त्र विभाग आणि त्यांची अभ्यास मंडळे

विषय: अर्थशास्त्र 'मायनर' घेणाऱ्यांना आपण काय शिकवता, याबाबत

स.न.वि.वि.

माझी पदवी प्राणिशास्त्राची. अर्थशास्त्र हे माझं मायनर, म्हणजे जोडीला घेतलेला दुय्यम विषय. तीन वर्षांत पसरलेले सहा पेपर, बहुतेक दुपारच्या सत्रात. प्रॅक्टिकल आटोपून धावत यायचं, हाताला फॉर्मॅलिनचा वास असायचा आणि त्यामुळे शेजारची जागा सहसा रिकामी राहायची. हजेरी घेताना आधी मेजरवाल्यांची, म्हणजे अर्थशास्त्र हाच मुख्य विषय असलेल्यांची नावं व्हायची, मग सर पान उलटायचे. त्या शेवटच्या पानावर मथळा होता 'इतर'. पदार्थविज्ञानाचे दोघे, इतिहासाची एक, संगणकशास्त्राचे चार-पाच, तत्त्वज्ञानाचा एक आणि मी.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका विभागाची नाही. नंतर इतर ठिकाणी मायनर केलेल्या बऱ्याच जणांशी बोलणं झालं. शेवटचं पान सगळ्यांकडे निघालं, फक्त मथळे वेगळे.

पहिल्या आठवड्यातला एक प्रसंग सांगते. सरांनी फळ्यावर मागणीचा वक्र काढला. किंमत उभ्या अक्षावर, नगसंख्या आडव्या अक्षावर. आणि म्हणाले, किंमत बदलली की मागणी बदलते. पदार्थविज्ञानाच्या एका मुलाने हात वर केला. "सर, मग किंमत आडव्या अक्षावर हवी ना?" शाळेपासून आम्हा विज्ञानवाल्यांच्या हाताला लागलेलं वळण आहे ते: आपण जे बदलतो ते आडवं, त्यामुळे जे बदलतं ते उभं. सर म्हणाले, "अर्थशास्त्रात असंच काढतात." वर्ग हसला, तोही हसला आणि विषय संपला.

याला उत्तर होतं, आणि ते मजेदार होतं. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नोने १८३८ मध्ये मागणीचा वक्र काढला तेव्हा किंमत आडव्या अक्षावरच होती. वालरास या दुसऱ्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानेही पुढे तसंच केलं. उलटी मांडणी रूढ केली ती इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या १८९० च्या ग्रंथाने, कारण मार्शलचा प्रश्नच उलटा होता. बाजारात इतका माल आलेला आहे, तो कोणत्या किमतीला खपेल? त्याच्या हिशेबात नगसंख्या आधी आणि किंमत नंतर. पाठ्यपुस्तकांनी मार्शलची आकृती ठेवून घेतली आणि तिच्याखालचं वाक्य मात्र दुसऱ्यांचं लावलं. मला हे पदवीनंतर सहा वर्षांनी एका लेखाच्या तळटिपेत सापडलं. वर्गात सांगायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांत त्या मुलाला कळलं असतं की हा विषय माणसांनी घडवलाय, त्यात वाद झालेत, निवडी झाल्यात आणि त्याची शंका मूर्खपणाची नव्हती. त्याने नंतर कधी हात वर केलेला मला आठवत नाही.

आता मूळ मुद्दा. आपलं मायनर म्हणजे मेजरच्या अभ्यासक्रमाचा पहिला तुकडा आहे. मेजरची शिडी बारा-पंधरा पायऱ्यांची असेल, तर आम्हाला त्यातल्या खालच्या पाच-सहा मिळतात. वरवर पाहता हे रास्त वाटतं. पण अर्थशास्त्राची शिडी जरा विचित्र आहे. खालच्या पायऱ्यांवर तुम्ही गृहीतकं बांधता: सगळ्यांना सगळी माहिती आहे, खरेदीदार आणि विक्रेते अगणित आहेत, व्यवहाराचा त्रास तिसऱ्या कुणाला होत नाही, माणूस स्वतःचं हित अचूक ओळखतो. वरच्या पायऱ्यांवर हीच गृहीतकं एकेक करून सोडता. एका बाजूला माहिती कमी असेल तर काय? मालक एकच असेल तर? कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या छातीत गेला तर? माणूस उद्याचं आजवर ढकलणारा नसून आजचं उद्यावर ढकलणारा असेल तर? अर्थशास्त्राची खरी मजा, आणि माझ्या मते खरी ताकद, या दुसऱ्या अर्ध्यात आहे. आणि आम्हाला तुम्ही बरोबर त्याच्या उंबरठ्यावर निरोप देता.

मेजरचा विद्यार्थी पहिल्या वर्षी 'पूर्ण स्पर्धा' शिकतो आणि तिसऱ्या वर्षी ती किती क्वचित भेटते हे शिकतो. मायनरचा विद्यार्थी पहिला भाग घेऊन जगात जातो आणि आयुष्यभर समजतो की आपल्याला अर्थशास्त्र येतं. पुढे तो इंजिनिअर, पत्रकार, डॉक्टर, अधिकारी होतो आणि मीटिंगमध्ये म्हणतो, "बेसिक इकॉनॉमिक्स आहे हे." हे वाक्य कानावर पडलं की मला हल्ली आमच्या वर्गाचं शेवटचं पान दिसतं.

किमान वेतनाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेत प्रश्न होता: सरकारने वेतनाची किमान पातळी समतोलाच्या वर ठरवली तर रोजगारावर होणारा परिणाम आकृतीसह स्पष्ट करा, गुण ८. मी पट्टीने श्रमाच्या मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेघा काढल्या, त्या छेदतात त्या समतोल बिंदूच्या वर एक आडवी रेघ मारली, मधलं अंतर पेन्सिलीने रेखाटून त्याला 'बेरोजगारी' असं नाव दिलं, अक्षांना नावं दिली आणि पुढे लिहिलं, "इतर परिस्थिती कायम असताना बेरोजगारी वाढते." आठपैकी आठ. मेजरमधल्या मैत्रिणीला सात मिळाले होते, तिने एका अक्षाला नाव दिलं नव्हतं. ती उत्तरपत्रिका मी मिरवली होती, खोटं कशाला बोलू.

ज्या गोष्टी त्या आठ गुणांत बसल्या नाहीत, त्या अशा. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी वाढीच्या आधी आणि नंतर, सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून ४१० फास्ट-फूड रेस्टॉरंटं तपासली. आमच्या आकृतीप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तशी घट सापडली नाही. मग गदारोळ उडाला. न्यूमार्क आणि वॉशर यांनी वेतनपटांची आकडेवारी घेऊन निष्कर्षाला आव्हान दिलं, कार्ड-क्रूगर यांनी २००० मध्ये नव्या आकड्यांनिशी उत्तर दिलं आणि वाद पुढे चालू राहिला. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

घट का झाली नसावी याची एक चावी तर १९३३ पासून पडून होती. जोन रॉबिन्सन यांनी त्या वर्षीच्या पुस्तकात मोनोप्सनीचा विचार मांडला, म्हणजे श्रम विकत घेणाराच एक किंवा मोजके असण्याची स्थिती. अशा ठिकाणी मालक मुळातच पगार दाबून आणि माणसं कमी ठेवून असतो. तिथे वेतनाचा तळ उचलला तर रोजगार वाढूही शकतो. आकृती तीच, तिच्यात एक रेघ जास्त. ती रेघ आमच्या विद्यापीठात पाचव्या सेमिस्टरच्या श्रम-अर्थशास्त्रात होती. हा पेपर फक्त मेजरसाठी होता.

मला इथे कुणाची बाजू घ्यायची नाही. वेतन किती वाढवलं, कुठे वाढवलं, तिथे मालक किती आहेत, यावर उत्तर बदलतं, एवढंच मला आज म्हणता येतं. पण एवढंही मला तेव्हा म्हणता येत नव्हतं. माझ्याकडे आठपैकी आठ होते.

'इतर परिस्थिती कायम असताना.' काय जबरदस्त वाक्यांश आहे! आम्ही तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी, पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात तसा लिहायचो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतर परिस्थिती कायम ठेवायची म्हणजे टाकीचं तापमान, प्रकाश, खाद्य, सगळं सांभाळत रात्री जागायचं. अर्थशास्त्रात ती सात अक्षरी मंत्रासारखी म्हटली की कायम राहते, असा आमचा समज झाला. (अक्षरं मोजू नका, मंत्रांची कुणी मोजत नाही.) खऱ्या जगात ती कायम ठेवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ किती आटापिटा करतात, हे कुणी दाखवलं नाही. कार्ड-क्रूगर यांचा सगळा डाव तोच होता: पेनसिल्व्हेनिया ही त्यांची दुसरी टाकी.

आणि गंमत म्हणजे ही युक्ती मला आधीच माहीत होती, अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेरून. जीवशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही जॉन स्नो माहीत असतो, कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणारा डॉक्टर. लंडनच्या एकाच भागात दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये थेम्सचं पाणी उचलण्याची जागा शहराच्या घाणीच्या वरच्या अंगाला नेली. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी जागच्या जागी राहिली. स्नोने १८४९ आणि १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथींतले मृत्यू दोन्ही कंपन्यांच्या भागांसाठी ताडून पाहिले. आधी आणि नंतर, बदललेला आणि न बदललेला. अर्थमितीतली, म्हणजे आर्थिक विधानं आकडेवारीवर तपासण्याच्या शास्त्रातली, 'फरकांतला फरक' ही पद्धत म्हणजे हीच. मी ती तिसऱ्या सेमिस्टरला साथरोगांच्या तासाला शिकले होते. अर्थमितीच्या पेपरला माझं नाव लागलं नाही, कारण जागा आधी मेजरला आणि उरल्या तर 'इतरांना' होत्या. उरल्या नाहीत.

यावरून माझ्या स्वतःच्या दुःखाकडे येते. ते म्हणजे मासे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला परिसंस्थेच्या पेपरात लोकसंख्यावाढीचा एस आकाराचा वक्र होता. मासे थोडे असतील तर वाढ हळू, कारण वीण कमी. मासे खूप असतील तरी वाढ हळू, कारण खाद्य आणि जागा अपुरी. सगळ्यात जोमाची वाढ मधोमध, धारणक्षमतेच्या (ते पाणी जास्तीत जास्त जितके मासे पोसू शकतं त्याच्या) निम्म्यावर. म्हणजे साठा तिथे ठेवला तर दरवर्षी जास्तीत जास्त मासे काढता येतात आणि साठा घटत नाही. सकाळी साडेदहाला हे शिकायचं. दुपारी दोनला अर्थशास्त्राच्या तासाला 'सीमांत खर्च' आणि 'सीमांत उत्पन्न', म्हणजे आणखी एका नगामागे वाढणारा खर्च आणि वाढणारं उत्पन्न. दोन इमारतींमध्ये चालत तीन मिनिटांचं अंतर. त्या तीन मिनिटांत काय आहे ते तीन वर्षांत कुणीही सांगितलं नाही.

त्या तीन मिनिटांत स्कॉट गॉर्डन आहे. या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये किती होड्यांना एकूण किती मासे मिळतात हे दाखवणारा, आमच्या एस वक्राच्याच तर्कातून निघणारा टेकडीसारखा वक्र घेतला आणि त्यावर होड्यांच्या खर्चाची एक सरळ रेघ ओढली. त्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ शेफर यानेही त्या वक्राचं गणित मांडलं. गॉर्डनचं म्हणणं असं: समुद्र कुणाच्याच मालकीचा नसेल, तर नफा दिसतोय तोवर आणखी एक होडी येते. तिच्यामुळे बाकीच्यांच्या जाळ्यात किती कमी मासे येतील याचा हिशेब ती करत नाही, तिला करायचं कारणही नाही. होड्या वाढत जातात आणि थांबतात ते थेट उत्पन्न आणि खर्च समसमान झाल्यावर. तेव्हा कुणालाच काही उरत नसतं, आणि साठाही बहुतेक वेळा निम्म्याच्या कितीतरी खाली गेलेला असतो. सगळ्यात जास्त एकत्रित नफा देणारा बिंदू तर जीवशास्त्राच्या 'जास्तीत जास्त' बिंदूच्याही अलीकडे असतो, म्हणजे जीवशास्त्रज्ञ सांगतील त्याहून कमी होड्या. पैशाचा नीट विचार करणारा माणूस माशांचा जास्त कैवारी निघतो! हे मी नोकरीला लागल्यावर वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

न्यू जर्सीत वेतन वाढलं त्याच १९९२ च्या जुलैत कॅनडाने न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी बंद केली. शतकानुशतकं चालत आलेला धंदा, सुमारे ३०,००० माणसांचं काम एका घोषणेसरशी थांबलं. त्यात साठ्याचे शास्त्रीय अंदाज फुगलेले होते हेही खरं. आमच्या, म्हणजे जीवशास्त्राच्या बाजूचे लोकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण हा प्रसंग समजायला दोन्ही इमारती लागतात.

आणि गोष्ट इथेही संपत नाही. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका सांगितली: कुरण सगळ्यांचं असेल तर जो तो आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच उजाड होतं. तो जीवशास्त्रज्ञ होता, म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला पानभर जागा. त्याला उत्तर देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हत्या, आणि मायनरच्या पुस्तकातही नव्हत्या. त्या राज्यशास्त्राच्या. त्यांनी दाखवलं की सामाईक गोष्ट म्हणजे बेवारस गोष्ट नव्हे. माणसं नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, दंड करतात आणि शेकडो वर्षं टिकवतात. स्वित्झर्लंडमधल्या टर्बेल गावात १५१७ पासूनचा लेखी नियम आहे की हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, त्याहून जास्त गायी कुणी उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या नाहीत. या एका वाक्यात मालकी, देखरेख आणि प्रोत्साहन यांचा अख्खा पेपर आहे. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्या एकट्याच बाहेरच्या होत्या असंही नाही. १९७८ चे नोबेलविजेते हर्बर्ट सायमन राज्यशास्त्रातून आलेले, १९९४ चे जॉन नॅश गणिताचे, २००२ चे डॅनियल काहनेमन मानसशास्त्रज्ञ. उलट दिशेचीही वाट आहेच: डार्विनने १८३८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ माल्थस वाचला आणि तिथून त्याला नैसर्गिक निवडीचा धागा मिळाला. तुमच्या हजेरीपटाचं शेवटचं पान म्हणजे ही सगळी मंडळी आहेत, विशीतली, झोपाळलेली, दुपारी दोनची. तुमच्या इमारतीत इतके विषय एकत्र बसणारा दुसरा वर्ग नसेल. तिथे तुम्ही आम्हाला समवृत्ती वक्र (ग्राहकाला सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्यांची रेघ) दोन आठवडे शिकवता. गणित आलेल्यांना ते पहिल्या दिवशीच कळलेलं असतं आणि न आलेल्यांना पंधराव्या दिवशीही कळत नाही.

आता तुमचं म्हणणं. मला ते ऐकू येतं, कारण मी ते एका अभ्यास मंडळाच्या सदस्य बाईंकडून समोरासमोर ऐकलं आहे. "अगं, पाया तरी पक्का नको का? पायाशिवाय अपवाद शिकवले तर मुलं नुसती टीका करायला शिकतात." यात तथ्य आहे. मागणी-पुरवठा न समजता बाजाराला शिव्या देणारेही मी पाहिलेत आणि ते काही कमी कंटाळवाणे नसतात. पण पाया पक्का होतो हे तरी खरं आहे का? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर, म्हणजे बाजाराचा कुणी विरोधक नव्हे, मुक्त बाजाराची बाजू घेणाऱ्या शिकागो संप्रदायाचा पक्का माणूस. त्याने १९६३ मध्ये लिहून ठेवलं की वर्षभराचा नेहमीचा प्राथमिक कोर्स केलेले आणि अजिबात न केलेले यांची पदवीनंतर पाच वर्षांनी परीक्षा घ्या, फरक दिसणार नाही.

२००५ मध्ये पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी संधी-खर्चाचा, म्हणजे एक गोष्ट निवडताना हातच्या दुसऱ्या पर्यायातलं काय सोडावं लागतं याचा, एकच प्रश्न विचारून पाहिला, आणि तोही एका परिषदेला आलेल्या अर्थशास्त्रज्ञांना. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनचा कार्यक्रम आहे, तिकीट ४० डॉलर, आणि तुम्ही त्यासाठी एरवी ५० पर्यंत द्यायला तयार असता. क्लॅप्टनला गेलात तर संधी-खर्च किती? पर्याय चार: ०, १०, ४०, ५०. अपेक्षित उत्तर १०: डिलनचे ५० वजा तिकिटाचे ४०. ते १९९ पैकी २१.६ टक्क्यांनी दिलं. डोळे मिटून खूण केली असती तर २५ टक्के आले असते. पुढे काहींनी दाखवलं की संधी-खर्चाची व्याख्याच पुस्तकागणिक निसरडी आहे आणि बाकीची उत्तरंही ओढूनताणून समर्थनीय ठरतात. माझ्या दृष्टीने तर ते जास्तच बोलकं आहे. ज्याला आपण पाया म्हणतो, तो पायाही चर्चा करून शिकायची गोष्ट आहे, पाठ करून लिहायची नाही.

मग करायचं काय? मायनर मागून रचा. हा विद्यार्थी पाच-सहा पेपरांनंतर परत येणार नाही, हे धरून चालून शेवटच्या दिवशी त्याला काय यायला हवं ते ठरवा आणि तिथून उलटे या. माझ्या मते त्याला तीन गोष्टी यायला हव्यात. एखादं आर्थिक विधान ऐकून त्यातलं गृहीतक ओळखता यावं. एखादा आकडा पाहून तो कसा मोजला असेल हे विचारता यावं. आणि 'यामुळे ते झालं' असं कुणी म्हटलं की 'हे न होता काय झालं असतं?' असं विचारता यावं.

यातली दुसरी गोष्ट आमच्याकडे फारच दुर्लक्षित राहिली. राष्ट्रीय उत्पन्न आम्ही सूत्राने शिकलो: उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात वजा आयात. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे हे मोजमाप ठेवलं, तेव्हाच बजावलं होतं की देशाचं कल्याण या आकड्यावरून क्वचितच ताडता येईल. घरातलं बिनपगारी काम त्यात नाही, आणि हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. म्हणजे ज्याने गज बनवला त्याने त्यावर सूचना चिकटवून दिली होती; आमच्यापर्यंत गज आला, सूचना गळून पडली. एका तासात हे शिकवता येतं, आणि वर्गातल्या इतिहासवालीला त्या तासाला बोलायला खूप काही असतं.

म्हणून प्रत्येक प्रारूपाबरोबर, त्याच आठवड्यात, ते मोडतं अशी एक जागा दाखवा. मागणी-पुरवठ्याला लागूनच अ‍ॅकरलॉफच्या जुन्या मोटारी येऊ द्या, चौथ्या सेमिस्टरची वाट कशाला? विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि मग चांगल्या गाड्या बाजारातूनच काढता पाय घेतात. १९७० चा तो लेख तीन नियतकालिकांनी नाकारला होता, हेही सांगा. विशीतल्या पोरांना हे ऐकून बरं वाटतं. त्या लेखातला युक्तिवाद गणिताशिवाय समजतो.

आकडेवारीचा एक पेपर मायनरसाठी राखून ठेवा, मेजरच्या उरलेल्या जागांतून नको. त्यात मॅट्रिक्सची सिद्धता नसली तरी चालेल. स्नोचे तक्ते, न्यू जर्सीचे आकडे, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयातला एखादा विदासंच. आमच्यातल्या निम्म्या जणांना संख्याशास्त्र त्यांच्या त्यांच्या विभागात शिकवलेलं असतंच. पुन्हा सरासरी आणि मध्यकापासून सुरुवात करून त्यांचा जीव घेऊ नका.

आणि शेवटचा पेपर दोन विभागांनी मिळून घ्या. माझ्यासाठी तो माशांचा झाला असता, संगणकवाल्यांसाठी लिलावांचा, इतिहासवालीसाठी १९२९ च्या मंदीचा, तत्त्वज्ञानाच्या मुलासाठी बहुधा 'कल्याण' या एका शब्दाचा. परीक्षेऐवजी दहा पानांचा निबंध, आणि तो दोन्हीकडच्या शिक्षकांनी वाचायचा. जागा कशी करायची म्हणाल, तर आयएस-एलएमच्या, म्हणजे व्याजदर आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचा मेळ दाखवणाऱ्या आकृतीच्या, रेघा सरकवण्याची कवायत मायनरमधून काढा. १९३७ मध्ये ती आकृती रचणाऱ्या हिक्स यांनीच पुढे, १९८० च्या सुमारास, तिला वर्गात वापरायचं एक साधन एवढाच दर्जा दिला होता. आपण त्यांच्याहून जास्त निष्ठावान राहण्याची गरज नाही.

ज्यांना मायनरच्या जोरावर पुढे अर्थशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे, त्यांचा मार्ग वेगळा. त्यांना कलन, रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र आणि मेजरच्या मधल्या पायऱ्या लागतील. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्यापैकी एकाला ते प्रवेश नाकारल्यावर कळलं.

वेळापत्रक, नोंदणीचा क्रम, प्रॅक्टिकलशी होणारी टक्कर यांबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि ते सोडवणं विभागाच्या एकट्याच्या हातात नसतं. सोडून देते.

अभ्यासक्रमाविरुद्ध विद्यार्थी पूर्वीही बोलले आहेत. जून २००० मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी काल्पनिक जगांतून बाहेर काढा म्हणून खुलं पत्र लिहिलं. २ नोव्हेंबर २०११ ला हार्वर्डमध्ये प्राथमिक अर्थशास्त्राच्या व्याख्यानातून काही विद्यार्थी उठून गेले. २००८ च्या संकटानंतर मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची संस्थाच काढली. त्यातून काही चांगलं निघालं, कोअर नावाचा फुकट उपलब्ध असलेला नवा अभ्यासक्रमही त्याच काळातला. पण ही आंदोलनं मुख्यतः अर्थशास्त्र हेच घर असलेल्यांची. मायनरवाला उठून गेला तर तो त्याच्या स्वतःच्या विभागात परत जातो, आणि तुम्हाला वाटतं की त्याचं प्रॅक्टिकल असेल.

एक प्रस्ताव देऊन थांबते. मासेमारीच्या वक्राचे दोन तास मी घ्यायला तयार आहे, विनामोबदला, कोणत्याही विभागात, दुपारी दोनलासुद्धा. पहिल्या तासाला एस आकाराचा वक्र आणि साठ्याचे खरे आकडे, दुसऱ्या तासाला टेकडीसारखा वक्र आणि त्यावर गॉर्डनची सरळ रेघ. ती तुमच्यापैकी कुणी ओढायची, मी शेजारी उभी राहीन. होड्यांची संख्या आडव्या अक्षावर असेल आणि का, हे मुलांनी विचारलं तर आपण दोघं मिळून सांगू. फक्त त्या दिवशी हजेरी एकाच यादीतून घ्या, आडनावांच्या क्रमाने.

कळावे,

आपली,
'इतर'पैकी एक